गोष्ट तिसऱ्या पानावर अडते तेव्हा...

तुमच्या लॅपटॉपमध्ये एक फोल्डर आहे. नाव बहुधा ‘पर्सनल’, ‘मिसलेनियस’ किंवा नुसतंच ‘न्यू फोल्डर (२)’. त्यात एक फाइल आहे आणि त्या फाइलमध्ये एक गोष्ट आहे. अर्धवट! पहिलं पान झकास, दुसरं बरं, आणि तिसऱ्या पानाच्या मध्यावर कर्सर लुकलुकतोय... गेले आठ महिने. खोटं वाटत असेल तर आपल्याच फ्लोअरवर विचारून बघा. टेस्टिंगमधला तो गप्प गप्प मुलगा, अकाउंट्समधली मॅडम, दर शुक्रवारी लवकर सटकणारा टीम लीड... प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट असते. फक्त कुणी बोलत नाही. कारण बोललं की समोरचा लगेच विचारतो, ‘मग? पूर्ण कधी करतेयस?’

या दुखण्याला इंग्रजीत एक रुबाबदार नाव आहे. रायटर्स ब्लॉक. एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने १९४७ मध्ये हा शब्द रूढ केला, आणि तेव्हापासून जगभरच्या लेखकांना सिक लीव्ह टाकायला एक अधिकृत कारण मिळालं. आपल्या मराठीत या आजाराला नावच नाही. आपण नुसतं म्हणतो, ‘सुचत नाहीये.’

आता गंमत बघा. मराठीत ‘मी लिहिते’ असं म्हणतात, पण ‘मी सुचते’ असं कुणी म्हणत नाही. ‘मला सुचतं.’ जसं मला आवडतं, मला भूक लागते, मला शिंक येते. म्हणजे सुचणं ही आपण करायची गोष्टच नाही, ती आपल्याला होणारी गोष्ट आहे. आपल्या हातात आहे ते फक्त लिहिणं. आणि आपण काय करतो? जे हातात नाही त्याची वाट बघत, जे हातात आहे तेही बंद ठेवतो. व्याकरण शाळेत मन लावून शिकायला हवं होतं, असं वाटतं कधी कधी!

माझी केस हिस्टरी

माझ्या गोष्टीची आयडिया मालवणची. तिथे किनाऱ्यावर रापण लावतात, ते तुम्ही पाहिलं असेल. होडी समुद्रात जाते, अर्धगोल फिरून लांबच लांब जाळं सोडत परत येते. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर, दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा. मग ओढत राहायचं. रांगा हळूहळू एकमेकींजवळ सरकतात, जाळं आवळत येतं आणि शेवटी वाळूवर चांदी सांडते... किंवा नुसते जेलीफिश आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. जे मिळेल त्याचे वाटे होतात. पर्ससीन नेटवाल्या मोठ्या बोटी आल्यापासून रापणी कमी होत गेल्या, मासळीही कमी होत गेली. पण वाट्याची रीत आहे.

तर माझ्या गोष्टीत एक माणूस पंचवीस वर्षांनी गावी परत येतो. पहाटे किनाऱ्यावर जातो. रापण ओढली जात असते. मासळी वाळूवर येते, वाटे पडायला लागतात. आणि प्रश्न असा, की त्याला वाटा मिळणार का?

झालं. इथे माझी गाडी बंद पडली. तिसरं पान, ओळ अकरावी.

मग मी तेच केलं जे तुम्ही करता. फॉण्ट बदलला. मंगलचा कोकिळा केला, कोकिळाचा परत मंगल. नवीन वही आणली, जाड पानांची, इतकी सुंदर की त्यात काही खरडायची हिंमत होईना. कॉफी शॉपमध्ये कोपऱ्यातलं टेबल पकडून बसले, तर शेजारच्या टेबलवरचं ब्रेकअप इतकं रंगलं की माझी गोष्ट त्यापुढे फिकी वाटायला लागली. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, ‘कशाला डोकं फोडतेस? एआयला सांग, शेवट लिहून देईल.’ सांगितलं. चार सेकंदांत शेवट हजर! गावकरी त्याला मिठी मारतात, सूर्य उगवतो, सगळ्यांचे डोळे पाणावतात. वाचून माझे मात्र कोरडेच. कारण हा शेवट कुणाच्याही गोष्टीला चालला असता. म्हणजे तो माझ्या गोष्टीचा नव्हता.

शेवटी चार दिवस सुट्टी टाकली आणि डिसेंबरातल्या एका रात्री कोकणकन्या पकडली. म्हटलं, समुद्राची हवा लागली की आपोआप सुचेल.

हवेत काही नसतं, बॉस!

माझ्या या आशेला पुरावा होता. सिंधुदुर्ग म्हणजे लेखकांचं आगर. वि. स. खांडेकर शिरोड्याचे मास्तर. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आपले आरती प्रभू, वेंगुर्ल्याच्या बागलांच्या राईतले. जयवंत दळवी आरवलीचे. मंगेश पाडगांवकर वेंगुर्ल्याचे. एवढी माणसं एका पट्ट्यात, म्हणजे पाण्यातच काहीतरी असणार ना?

पण जरा हिशोब मांडला तर वेगळंच दिसतं. खांडेकर १९२० मध्ये शिरोड्याच्या शाळेत रुजू झाले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ आली १९३० मध्ये. तोच समुद्र, तीच हवा, आणि मध्ये दहा वर्षं! त्या काळात वर्ग होते, वह्या तपासणं होतं, शाळेचा संसार होता आणि जमेल तसं इतर लेखनही चालू होतं. पुढे १९३८ मध्ये ते कोल्हापूरला गेले. ‘ययाति’ १९५९ची, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून दिलं त्यांनी १९७४ चं. खानोलकरांच्या घरची कुडाळात खानावळ होती. गिऱ्हाइकांची ताटं आणि कविता एकाच छपराखाली. दळवी मुंबईत यूएसआयएसमध्ये नोकरी करत होते, आणि त्याच काळात आरवलीच्या माणसांवर ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) लिहीत होते. म्हणजे आरवलीची हवा नाकात नसताना!

थोडक्यात काय, तर हे सगळे आपल्यासारखेच नऊ ते सहावाले होते. इंग्लंडचा अँथनी ट्रोलोप तर पोस्टखात्यात होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. मग कामावर. अशा रतीबाने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. ‘जॉबमुळे वेळ मिळत नाही’ हे आपलं लाडकं कारण त्याच्यासमोर सांगायची सोय नाही.

आणि उलटी केसही आहे. न्यू यॉर्करचा जोसेफ मिचेल. लिहिणं हाच त्याचा जॉब. १९६४ मध्ये त्याने जो गूल्ड नावाच्या एका अवलियावर लेख लिहिला. हा गूल्ड गावभर सांगत फिरायचा की मी एक अवाढव्य ग्रंथ लिहितोय. मिचेलच्या मते प्रत्यक्षात तो ग्रंथ नव्हताच. न लिहिलेल्या पुस्तकाची ही गोष्ट लिहून झाली आणि मिचेलचीच लेखणी थांबली. १९९६ मध्ये तो गेला, तोपर्यंत तीसहून अधिक वर्षं तो नेमाने ऑफिसला येत राहिला, पण नवीन मोठं असं काही छापून आलं नाही. आता सांगा, ब्लॉक येतो कुठून? वेळ नसल्यामुळे? त्याच्याकडे वेळच वेळ होता.

स्क्रिप्ट नाही, तरी शो हाउसफुल

मालवणला पोचले त्या रात्री जवळच्या एका गावात जत्रा होती. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ आला आणि माझ्या ऑफिसातल्या निम्म्या पब्लिकला कळलं की असा काही प्रकार असतो. मी लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून, खरं तर झोपून, पाहिला होता. या वेळी जागी राहून पाहिला.

देवळासमोर मंडप, एका बाजूला खाजं आणि खेळण्यांची दुकानं, मध्ये एक बाक. सेट म्हणजे तेवढंच. बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. आधी गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन पोरांना हसवून जातो. मग मुख्य आख्यान सुरू होतं ते पहाटेपर्यंत. आणि या सगळ्याला लिहिलेलं स्क्रिप्ट नाही! आज कुठलं आख्यान, कुणी कुठली भूमिका करायची, कुणाची एण्ट्री कुणानंतर, एवढं ठरतं. नट आपला रंग आपण लावतात आणि संवाद उभ्या उभ्या बोलतात. पुराणातले राजे, राण्या (त्याही पुरुषच!), राक्षस... सगळे धडाधड बोलत असतात आणि एकालाही ब्लॉक येत नाही.

मी खाजं चघळत विचार करत बसले. यांना का नाही येत? एक तर, यांना गोष्ट माहीत असते. फक्त शब्द शोधायचे असतात. दुसरं, समोर दुसरा नट असतो आणि तो सतत काहीतरी विचारत असतो. ‘तू कोण? इथे का आलास? कुणाच्या आज्ञेने?’ प्रश्न आला की उत्तर द्यावंच लागतं. आणि तिसरं सगळ्यात भारी: बॅकस्पेस नसतं. एखादं वाक्य पडलं तर पडलं. पखवाजावर थाप पडते आणि राजा पुढे जातो.

माझ्या तिसऱ्या पानावर मात्र माझा हीरो एकटा उभा होता. त्याला कुणी काही विचारतच नव्हतं.

कॅलिफोर्नियात माइक रोझ नावाच्या संशोधकाने १९८० मध्ये दहा कॉलेज स्टुडंट्सचा अभ्यास मांडला होता. पाच जण अडणारे, पाच जण न अडणारे. अडणाऱ्यांकडे टॅलेंट कमी नव्हतं. त्यांच्याकडे नियम जास्त होते आणि तेही दगडासारखे. पहिलं वाक्य पहिल्या झटक्यात परफेक्टच हवं, वगैरे. न अडणाऱ्यांकडेही नियम होते, पण ते पखवाजासारखे. ताल देणारे, वेळ आली तर बदलणारे. दशावतारी नटाने रोझसाहेब वाचलेले नसतात, पण फण्डा क्लिअर असतो.

आणि मालवणी माणूस या विषयावर आणखी एक पाऊल पुढे गेलाय. गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ आठवा. एका गावच्या मंडळींना महाभारतावरचं नाटक करायचंय आणि ते काही केल्या धड होत नाही, एवढीच गोष्ट. त्या नाटकाचं आधीचं नावच मुळी ‘आज काय नाटक होवचा नाय’! १९८० मध्ये ते व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मच्छिंद्र कांबळींच्या या नाटकाचे पाच हजारांहून जास्त प्रयोग झाले. जे अडलंय तेच विकलं, आणि कसलं सॉलिड विकलं!

‘दोराक हात लायल्यान काय?’

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेले. समोर सिंधुदुर्ग किल्ला, पाणी शांत, आणि नशीब असं की रापण लागलेली होती. दोन रांगा दोर ओढत होत्या. कडेला एक आजोबा दोराचं वेटोळं घालत बसले होते. माझ्याकडे बघून त्यांनी तो खास कोकणी प्रश्न टाकला, ज्यात तुमचं आधार कार्ड, बायोडेटा आणि वंशावळ एकदम मागितली जाते.

‘कोणाचां चेडू गो तू?’

मी आजोबांचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. ते मान हलवत राहिले. ओळखलं की नाही ते कळलं नाही. मग मी धीर करून माझ्या ठाण्याच्या मालवणीत विचारलं, ‘आजोबा, कोण पंचवीस वर्सांनी परत इलो आणि रापणीक उभो रवलो, तर तेका वाटो गावतलो?’

त्यांनी हातातलं काम न थांबवता मलाच विचारलं, ‘दोराक हात लायल्यान काय?’

‘म्हणजे?’

‘हात लायल्यान तर गावतलो. बघूक उभो रवलो तर बघूक गावतला.’ आणि मग, जरा चिडूनच, ‘मगे तू कित्याक उभी? धर दोर!’

मी दोर धरला. सांगते, जिममधल्या सगळ्या वजनांनी शरमेने मान खाली घालावी असं ते वजन असतं. पाऊण तासात तळहात लाल, खांदे बधिर, पाय वाळूत. बोलायला कुणाला फुरसत नव्हती आणि माझ्या डोक्यात मात्र आठ महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट होत होतं.

माझे आजोबा चौदाव्या वर्षी बोटीने मुंबईला गेले. भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गिरणीत लागले. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, पण ते गावी परतले नाहीत. ‘आता तिथे आपलं काय आहे?’ असं म्हणायचे. दर मे महिन्यात आम्हाला घेऊन यायचे, घर झाडायचे, देवाला नारळ द्यायचे. किनाऱ्यावर मात्र लांब उभे राहायचे. रापण बघायचे. जवळ जायचे नाहीत. मी विचारलं होतं एकदा, तर म्हणाले, ‘आपण पाहुणे गो आता.’

आज मी लोअर परळला जिथे बसते, तो टॉवर एका गिरणीच्या जागेवर उभा आहे. माझ्याकडे कार्ड आहे, पार्किंग आहे, होम लोन आहे. आणि तरी कुणी ‘गाव कोणतं?’ विचारलं की मी पटकन ‘मालवण’ म्हणते. कुठल्या हक्काने? हा माझा प्रश्न होता. तो मी पंचवीस वर्षांनी परतलेल्या एका काल्पनिक माणसाच्या गळ्यात बांधला होता, आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असेल या भीतीने अकराव्या ओळीवर थांबले होते. मला शब्द सुचत नव्हते असं नाहीच. मला ते उत्तर ऐकायचं नव्हतं.

मासळी आली. फार नाही. बांगडे होते, थोडे तारले होते, एक-दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या होत्याच. वाटे पडले. कुणीतरी न बोलता एका पिशवीत पाच बांगडे टाकून माझ्या हातात दिले. मी ‘नको, नको’ म्हणायला तोंड उघडलं, पण आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प पिशवी धरली.

त्या दुपारी मी साडेचार पानं लिहिली. माझ्या गोष्टीतला माणूस अजून वाट्यापर्यंत पोचलेला नाही. पण आता तो दोर ओढतोय, आणि पलीकडच्या रांगेतला एक जण त्याला विचारतोय, ‘इतकी वर्सां खंय होतंस?’ त्याला उत्तर द्यावं लागतंय. त्याला जड जातंय ते. पण गोष्ट चाललीये.

तर मंडळी, तुमच्यासाठी...

तुमची गोष्ट अडली असेल तर गाडी पकडून मालवणला जाच, असं मी म्हणणार नाही. (जाच. सोलकढीसाठी तरी जाच!) पण तोपर्यंत घरच्या घरी करता येईल असं थोडंसं.

* पात्राला एकटं सोडू नका. ज्या ओळीवर अडलाय, तिथे दुसरं कुणीतरी आणा आणि त्याला एक अवघड प्रश्न विचारायला लावा. उत्तर गोष्टीत नंतर ठेवा नाहीतर काढून टाका. आधी ऐका तर खरं.

* ‘सुचत नाही’ हे वाक्य पूर्ण करा. ‘मला अमुक सुचत नाही’ असं लिहून काढा. ‘शेवट सुचत नाही’ नव्हे, तर ‘आई त्याला माफ करेल का, ते सुचत नाही.’ अडण्याची नेमकी जागा सापडली की निम्मं काम झालं. बऱ्याचदा तिथे शब्दांचा तुटवडा नसतो, तिथे आपलंच काहीतरी दडून बसलेलं असतं.

* माहिती हवी असेल तर माणसाला विचारा. मी आठ महिने छतात बघून जे शोधत होते, ते किनाऱ्यावरच्या एका माणसाने अर्ध्या मिनिटात सांगितलं. छताला वाट्याची रीत माहीत नसते.

* बॅकस्पेसला सुट्टी द्या. वीस मिनिटं, फक्त पुढे. चुकलं तर चुकलं, पखवाज वाजतोय असं समजा.

* थोडं शिल्लक ठेवून उठा. हेमिंग्वेचा हा सल्ला जुना आहे, पण चालतो. पुढे काय होणार हे माहीत असतानाच थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापासून सुरुवात होत नाही. आपण रोज मीटिंग मात्र नेमकी उलट करतो. पुढे काय ते कुणालाच माहीत नसताना थांबतो!

एक गोष्ट मात्र मनावर घेऊ नका. अडणं म्हणजे आपल्यात लेखक नाही, असं नसतं. ज्यांना गोष्टीची पर्वा नसते, ते कधीच अडत नाहीत. तेही चार सेकंदांत सूर्य उगवून मोकळे होतात. तुम्ही अडलायत, याचा अर्थ त्या फाइलमध्ये तुमचं काहीतरी खरं पणाला लागलंय. ते नेमकं काय आहे, हे फक्त तुम्हालाच शोधता येईल. मॅनेजरला नाही, मित्राला नाही, मशीनला तर नाहीच.

तेव्हा आज जेवण झालं की ते ‘न्यू फोल्डर (२)’ उघडा. फॉण्टला हात लावू नका. दोराला लावा!